सायकल टिकवावी कशी?



जळगावच्या पिंप्राळ्यात काय किंवा खानदेशातील खेड्यापाड्यांत काय, सायकल हे कष्टकऱ्यांचे आणि शाळकरी मुलांचे हक्काचे वाहन आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्य शासनाने निवडक तालुक्यांतील इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या, त्या याच जाणिवेने. सायकल बंद पडली की मजुराचा खाडा होतो, मुलीची शाळा बुडते. म्हणूनच सायकल मिळविण्याइतकेच ती टिकविणेही महत्त्वाचे आहे.

सायकल केवळ वापराने झिजत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ साखळीवरील तेलाला चिकटते आणि तो लगदा काचकागदाप्रमाणे पोलाद घासतो. प्रत्येक पिन थोडीथोडी झिजून साखळी लांबते. लांबलेली साखळी पुढच्या दातेरी चक्राचे व मागच्या फ्रीव्हीलचे दातेही खाते. मग एका साखळीऐवजी तीन भाग बदलण्याचा खर्च अंगावर पडतो.

याची परीक्षा घरीच करता येते. नव्या साखळीच्या २४ कड्यांची लांबी १२ इंच भरते. ती एक अष्टमांश इंचाने, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरने वाढली असल्यास साखळी त्वरित बदलावी.

तेल घालण्याचीही रीत आहे. प्रथम साखळी फडक्याने स्वच्छ पुसावी. नंतर प्रत्येक कडीवर यंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा, पेडल फिरवून तो आत मुरू द्यावा आणि बाहेरचे तेल पुसून काढावे. गोडेतेल वापरू नये; ते कालांतराने चिकट होते. ब्रेकच्या रबरांना व रिमला मात्र तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये.

टायरमध्ये हवा कमी असल्यास खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते व टायरच्या कडा चिरतात. म्हणून आठवड्यातून एकदा हवा पाहावी. डावे पेडल उलट आट्याचे असते. ते नेहमीच्या दिशेने जोर लावून बसविल्यास क्रँकचे आटे जातात, हे ध्यानी ठेवावे. वर्षातून एकदा चाकांचे छर्रे काढून, धुऊन त्यांत नवे ग्रीस भरावे.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथोत्सव होतो. तोवर पावसाळा सुरू झालेला असतो आणि मडगार्डखाली चिखल साचू लागतो. त्यापूर्वीच हे काम उरकावे. फडके, तेल आणि महिन्यातील एक सकाळ, एवढ्या भांडवलावर घरातील सायकल वर्षानुवर्षे साथ देईल.