कोळ्याचं जाळं आणि पहाटेची अजान



साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती आपल्या नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकात महंमद पैगंबरांचं चरित्र मराठीत सांगितलं. तो इतिहास आता चित्रांतून मुलांपुढे यावा, असं मला मनापासून वाटतं. जुन्या नाशकात बडी दर्गा आणि गोदाकाठ पायी जाण्याइतके जवळ. तिथल्या मुलाला कॅलेंडरात रमजान, मोहरम ही नावं दिसतात. हिजरी सन कुठून सुरू झाला, हे मात्र कुणी सांगत नाही.

चित्र म्हटलं की पहिली अडचण येते. पैगंबरांचा चेहरा काढायचा नाही. सहाबांचे, म्हणजे त्यांच्या सोबत्यांचेही काढू नयेत, असं अनेक मुसलमान मानतात. मग पानावर काय उरतं? पुष्कळ उरतं! इ. स. ६२२. मक्का सोडून निघालेले पैगंबर आणि अबू बक्र सौर डोंगरातल्या गुहेत थांबले आहेत. चित्रात फक्त गुहेचं तोंड, त्यावर कोळ्याचं जाळं, आणि बाहेर पाठलाग करणाऱ्यांची पावलं. जाळ्याची गोष्ट परंपरेनं आलेली आहे, तेही मुलांना सांगावं. हिजरी सन याच वर्षापासून मोजतात.

त्याआधी, ६१५ च्या सुमारास, छळ सोसवेना म्हणून काही अनुयायी तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या देशात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती. मक्केवाल्यांनी कातड्याच्या वस्तूंचे नजराणे पाठवून ही माणसं परत मागितली. त्या अनुयायांपैकी जाफर यांनी दरबारात कुराणातला मरियमचा भाग म्हटला, तेव्हा राजाचे डोळे भरून आले, असं जुन्या चरित्रांत आहे. चित्रकारानं आल्या वाटेनं परत निघालेले नजराणे तेवढे काढले, तरी निकाल मुलांना कळेल.

चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. पिंगुळीचे चित्रकथी तेच करत आले. अकबरानं हमझानाम्याची सुमारे १,४०० चित्रं कापडावर करवून घेतली. पैगंबरांच्या चुलत्यांच्या नावाची ती कथा बहुतेक कल्पित, पण रीत उचलावी अशी.

मला पहिलं पान हजरत बिलाल यांचं हवं. हबशी गुलाम, इस्लाम सोडावा म्हणून मक्केत तापल्या वाळूवर निजवून छातीवर धोंडा ठेवला, तरी ते बधले नाहीत. पुढे मदिनेत पहिली अजान त्यांनीच दिली. चेहरा नको. मातीचं छप्पर, उजाडतं आभाळ, आणि खाली गल्लीत आवाज ऐकून थबकलेली मुलं.