दाताची कॅप, लेसर आणि पाट्याची टाकी
(महाल, नागपूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत कारकुनी करण्यात वीस वर्षे गेली. अशा माणसाने दातांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कारण घरातलेच आहे. आमच्या आईच्या दाढेवरची पांढरी कॅप निघून हातात आली. दवाखान्यात सांगितले, "आता लेसर करून बसवू, मग निघणार नाही." खर्च वाढला, पण लेसर हा शब्द ऐकून आम्ही मान डोलावली. काही महिन्यांत कॅप पुन्हा निघाली. तेव्हा आई म्हणाली, "अरे, पाटा कोणत्या दगडाचा आहे ते पाहून टाकी लावावी लागते. नुसती टाकी भारी असून काय उपयोग?" या वाक्याने आम्हाला वाचायला लावले.

आईचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही, म्हणून गवंडी आधी टाचे मारतो. दाताचेही तसेच. मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने १९५५ साली दाखवून दिले, की दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल लावले तर सूक्ष्म खळगे पडतात आणि भरलेला पदार्थ घट्ट बसतो.

कॅपच्या आतल्या बाजूलाही असेच खळगे लागतात. जुन्या पोर्सेलीनमध्ये काचेचा अंश असतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल तो अंश खाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर सिलेन नावाचे द्रव्य लावले की सिमेंट पक्के धरते. मात्र हे आम्ल कातडीला व डोळ्यांना अत्यंत घातक आहे. शिवाय आजकाल पुष्कळ कॅप झिर्कोनियाच्या असतात. झिर्कोनिया भक्कम खरा, पण त्यात काचेचा अंश नसल्याने हे आम्ल नेहमीच्या पद्धतीने तेथे काम करीत नाही.

म्हणून संशोधकांनी लेसरकडे पाहिले. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत चालविला. कार्बन डायऑक्साइड, निओडिमियम, एर्बियम असे अनेक लेसर सिरॅमिकवर वापरून पाहिले गेले. निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे पकड वाढली, कुठे फरक पडला नाही, तर कुठे उष्णतेने बारीक तडे गेले. अतिशय अल्प काळाचे स्पंद देणारे फेमटोसेकंद लेसर कमी उष्णतेत नेमके खळगे पाडतात. पण ती यंत्रे महाग आहेत.

एर्बियम लेसरची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. त्याची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर असून ती पाण्यात फार शोषली जाते. सिरॅमिकमध्ये पाणी नाही. त्यामुळे त्याचे किरण पातळ सिरॅमिकमधून पार होऊन आतल्या सिमेंटवर काम करतात. म्हणून पक्के चिकटलेले सिरॅमिकचे पापुद्रे न फोडता सोडविण्यासाठी तो उपयोगी पडतो. जोडण्यासाठी आणलेले हत्यार सोडविण्यात जास्त हुशार निघाले!

मग आईच्या कॅपचे काय झाले? दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दाताचा खुंट आखूड आहे आणि कॅप झिर्कोनियाची आहे. त्यांनी खुंटाला आकार दिला आणि नवी कॅप करविली. तोंडात घालून पाहिल्यावर आतली लाळ स्वच्छ केली, अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा केला आणि झिर्कोनियाला धरणारे फॉस्फेटयुक्त रेझिन सिमेंट वापरले. ती कॅप आजही जागेवर आहे.

बंधू-भगिनींनो, आम्ही लेसरच्या विरोधात नाही. आपल्या नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. आपली मुलेही हे संशोधन पुढे नेऊ शकतात. आमचे म्हणणे एवढेच, की मोठा शब्द ऐकून पैसे मोजू नका. कॅप कशाची आहे, आतून कशी तयार करणार, सिमेंट कोणते, हे तीन प्रश्न न संकोचता विचारा. कॅप निघाली तर फेकू नका, बाजारच्या गोंदाने घरी चिकटवू नका. स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्या.

पाट्याला टाकी लावणाऱ्याला आपल्या आया अंगणात बसवून दहा प्रश्न विचारीत. दवाखान्यातही आपण तेवढेच जागरूक राहू या.