बोत्सवाना : हिरे सापडले, पण ते कुणाचे?

आज जाऊया आफ्रिकेत, बोत्सवानाला.

१९६६ साली ब्रिटिश गेले तेव्हा या देशाकडे होतं काय? आकार महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, आणि अख्ख्या देशात डांबरी रस्ता साधारण १२ किलोमीटर. बाकी कालाहारीचं वाळवंट, गुरं आणि दुष्काळ. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले.

लॉटरीच लागली म्हणा ना! पण थांबा. हिरे सिएरा लिओनमध्येही होते, आणि तिथे त्याच हिऱ्यांच्या पैशावर १९९१ ते २००२ यादवी युद्ध चाललं. मग इथे वेगळं काय झालं?

ओरापा होतं बामांग्वाटो जमातीच्या भागात. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा याच जमातीच्या राजघराण्यातले. म्हणजे "खाण आमची" म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं? पण १९६७ च्या कायद्याने जमिनीखालची खनिजं जमातींची न राहता सगळ्या देशाची झाली. माझ्या मते बोत्सवानाची खरी कमाई हीच. खाणीवरून भांडायला जमातींना कारणच उरलं नाही.

पुढे सरकारने डी बियर्स कंपनीशी घासाघीस केली. खाणकंपनीत सुरुवातीला सरकारचा वाटा होता १५ टक्के, तो १९७५ मध्ये थेट ५० वर नेला. पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांत गेला. उरलेला बाजूला ठेवायला १९९४ मध्ये 'पुला फंड' काढला. पुला म्हणजे पाऊस. चलनाचं नावही तेच. दुष्काळी देशाला पैशासाठी दुसरं कुठलं नाव सुचणार! तीसेक वर्षं हा देश जगातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये होता.

आता दुसरी बाजू. चांगल्या कारभाराने हिऱ्यांचा पैसा सांभाळला, पण हिऱ्यांशिवाय दुसरा मोठा धंदा काही उभा राहिला नाही. खाणीत माणसं लागतात किती? शिकलेली पोरं सरकारी नोकरीची वाट बघत बसली. (ओळखीचं वाटतंय ना?) त्यात प्रयोगशाळेत बनणारे स्वस्त हिरे आले. त्यातले कितीतरी आपल्या शेजारच्या सुरतेत तयार होतात. खाणीतल्या हिऱ्यांची मागणी घसरली आणि सरकारची तिजोरी आटली.

२०२४ च्या निवडणुकीत लोकांनी ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष घरी बसवला. राष्ट्राध्यक्ष मसीसींनी हार मान्य केली, खुर्ची शांतपणे सोडली. नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांना आता खाणीबाहेर रोजगार उभा करायचाय, आणि तोही हातात पैसा कमी असताना.