एकसारखा रंग



माझ्या बहिणीची मुलगी लातूरला क्लाससाठी राहायची. मराठवाड्यातली मुलं लातूरला कशाला जातात, हे आपल्याला सांगायला नको. रोज स्कुटीवरून जाणं-येणं; चेहऱ्याला स्कार्फ, हात मात्र उघडे. परीक्षा आटोपून मे महिन्यात ती नांदेडला आली तेव्हा चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्याच रंगाचे झालेले. दोन्ही हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "मामू, हे एकसारखं कसं करायचं?"

मी हसलो. आमच्या अब्बांच्या पाठीवर बनियनची पांढरट खूण आयुष्यभर होती. तिला कुणी आजार म्हटलं नाही. पण मी हसलो म्हणून पोरीनं उत्तर दुसरीकडे शोधलं. मैत्रिणीनं दिलेली बिनलेबलची एक डबी ती लावू लागली. पंधरा दिवसांत रंग उजळला, घरात कौतुक झालं. महिनाभरात गालांवर लाली आली, आग होऊ लागली, उन्हात उभं राहवेना. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यात स्टेरॉइड आहे. सोडतानाही त्रास होईल, पण आमच्या देखरेखीखाली सोडायचं.

ती थोडक्यात वाचली. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुली अशाच एका क्रीममुळे मूत्रपिंडाच्या आजाराने त्रस्त झाल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. ही बातमी २०२३ सालची आहे.

मग मी जरा वाचायला बसलो. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी माझा संबंध कमी. पण वाचताना गंमत वाटली. आपण इथे रंग उतरवायला धडपडतो आणि युरोप-अमेरिकेत लोक तो चढवायला पैसे मोजतात. त्यासाठी ते उन्हात पडून राहतात किंवा अतिनील किरणांच्या दिव्यांखाली झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये ही यंत्रं तंबाखूच्याच यादीत, म्हणजे कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींत घातली. ब्राझीलनं त्याच वर्षी त्यांवर बंदी आणली. पुढे ऑस्ट्रेलियानंही त्यांचा धंदा बंद केला. कारण साधं आहे. उन्हानं काळवंडणं ही कातडीनं स्वतःवर धरलेली छत्री असते. मार बसू लागला म्हणून ती उघडलेली असते.

मग ऊन न घेता रंग येतो का? येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथे ईव्हा विटगेन्स्टाइन या डॉक्टरबाई आजारी मुलांना साखरेसारखं एक द्रव्य पाजत होत्या. ते अंगावर सांडलं की कातडी तपकिरी व्हायची, कपड्यावर मात्र डाग पडायचा नाही. त्याचं नाव डायहायड्रॉक्सीअॅसिटोन. आजची ऊन न लागता रंग देणारी लोशनं त्याचीच. ते कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी मिळून रंग धरतं. तव्यावर भाकरीला तांबूस डाग पडतात, तीही याच जातीची क्रिया. आपली मेंदीसुद्धा त्याच वरच्या थरावर चढते आणि तो थर झडला की जाते. म्हणून हा रंग आठवडाभरच टिकतो.

तो एकसारखा यावा असं वाटत असेल, तर आधी अंग घासून धुवावं, नीट कोरडं करावं. कोपर, गुडघे, घोटे इथे कातडी जाड असते, तिथे अगदी थोडं लावावं; नाहीतर डाग पडतात. लावून झालं की तळहात साबणानं धुवावेत. आदल्या दिवशी जरासं लावून पाहावं. फवारा असेल तर डोळे, नाक, ओठ सांभाळावेत. आणि एक विसरू नये : या रंगानं ऊन अडत नाही आणि ड जीवनसत्त्वही मिळत नाही. हाच नियम मेंदीलाही लावा. झटपट काळी होणाऱ्या मेंदीत केसांच्या रंगातलं रसायन घातलेलं असतं, त्यानं फोड येतात.

भाचीला मात्र लोशनची गरज नव्हती. डॉक्टरांनी तिला लांब बाह्या घालायला आणि चेहऱ्याला व हातांना सनस्क्रीन लावायला सांगितलं. बाहेर असली तर दर दोन तासांनी पुन्हा. उन्हाचा रंग काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, हळूहळू उतरतो. तिचाही उतरला.

इथे थांबलो असतो तर भाषण नीट संपलं असतं. पण एक गोष्ट राहिली आहे. गाल बरे झाल्यावर मी तिला विचारलं, "एवढी घाई कशाची होती गं?" ती म्हणाली, "मामू, मागच्या ईदला पाहुणे आले होते. तुम्हीच त्यांना म्हणालात, पोरीचा रंग जरा दबता आहे, पण हुशार आहे. मी चहा घेऊन दारातच उभी होते."

मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. मी ते कौतुक म्हणून बोललो होतो. चाळीस वर्षं मी शब्दांशी काम करतो आणि त्या एका 'पण'चं वजन मला कळलं नाही. त्या डबीच्या आधी तिच्या हातात मीच काहीतरी दिलं होतं.

भाची आता नांदेडला नर्सिंग शिकते. मे महिन्यात हात थोडे काळवंडतात, पावसाळ्यात उजळतात. पाहुणे अजून येतात. मी एवढंच सांगतो, "पोरगी हुशार आहे." आणि गप्प बसतो.