रेषा, घट्टे आणि स्वभाव

माणसाच्या तळहातावरील रेषा, उंचवटे, बोटांची ठेवण आणि नखांचा आकार यांवरून त्याचा स्वभाव व भविष्य सांगण्याच्या विद्येला आपल्याकडे हस्तसामुद्रिक म्हणतात, आणि शरीराच्या सर्वच चिन्हांचा विचार करणाऱ्या सामुद्रिकशास्त्राची ती एक शाखा मानली जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या विद्येतील भविष्यकथनाचा भाग नसून स्वभावकथनाचा भाग आहे. कारण भविष्य खोटे ठरले तर ते काळाच्या ओघात उघडकीस येते, परंतु ‘हा मुलगा हट्टी’, ‘ही मुलगी चंचल’ असे एकदा हात पाहून ठरवले गेले की ते मत खोटे पाडण्याची संधी त्या मुलाला बहुधा मिळतच नाही.

या विद्येचा जुना भारतीय आधार शोधू गेल्यास सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथाकडे जावे लागते. तेथे पुरुषलक्षण आणि कन्यालक्षण यांची प्रकरणे आहेत, आणि त्यांच्याच शेजारी गाय, कुत्रा, कोंबडा, घोडा आणि हत्ती यांच्या लक्षणांचीही प्रकरणे आहेत. हा शेजार बोलका आहे. जनावर विकत घेताना किंवा राजाच्या पदरी ठेवताना त्याच्या अंगावरील खुणा पाहण्याची जी व्यवहारदृष्टी होती, तीच माणसाच्या शरीरालाही लावली गेली, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. शहादा तालुक्यातील श्रोत्यांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो मोठा बाजार भरतो, त्यात आजही घोड्याच्या अंगावरील भोवरे, म्हणजे केस वर्तुळाकार फिरलेल्या जागा, बारकाईने तपासले जातात; अमुक जागेचा भोवरा शुभ आणि तमुक जागेचा अशुभ, अशी त्यांची स्वतंत्र परिभाषा जाणकारांत चालत आलेली आहे आणि तिचा किमतीवर परिणामही होतो. मात्र भोवरे कितीही मनासारखे असले, तरी जाणता गिऱ्हाईक घोडा चालवून, पळवून, त्याची चाल आणि दम पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. घोड्याच्या बाबतीत जी सावधगिरी बाजारात सहज पाळली जाते, ती माणसाच्या बाबतीत, विशेषतः सोयरीक जुळवताना आणि मुलांचे शिक्षण ठरवताना, का पाळली जात नाही, हा या विवेचनामागील मुख्य प्रश्न आहे.

आज मराठीत हात पाहणारे जी परिभाषा वापरतात, ती एका परंपरेची नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागाला वळसा घालणारी ती आयुष्यरेषा, तळहाताच्या मध्यातून आडवी जाणारी ती मस्तकरेषा, करंगळीच्या खालून निघून तर्जनीकडे जाणारी ती हृदयरेषा आणि मनगटाकडून मधल्या बोटाकडे उभी चढणारी ती भाग्यरेषा, अशी नावे बहुतेक पुस्तकांत आढळतात. ही मांडणी मुख्यतः युरोपीय आहे. जुन्या भारतीय परंपरेत करंगळीखालून तर्जनीकडे जाणाऱ्या रेषेवरून आयुष्य मोजले जाई, आणि ती तर्जनीच्या मुळापर्यंत पोहोचली तर माणूस शंभर वर्षे जगतो असे मानले जाई; अंगठ्याजवळच्या रेषेला पितृरेषा आणि मधल्या रेषेला मातृरेषा अशीही नावे होती. म्हणजे ज्या एकाच रेषेवरून एक परंपरा माणसाचे वय सांगते, तिच्यावरून दुसरी त्याचे प्रेम आणि भावना सांगते. दोन वैद्यांनी एकाच नाडीवर बोट ठेवून एकाने पोटाचे आणि दुसऱ्याने डोळ्यांचे दुखणे सांगितले, तर रोग्याचे नातेवाईक थांबून विचार करतील. हस्तसामुद्रिकात मात्र हा विरोध कोणाला खटकला नाही आणि दोन्ही अर्थ एकाच पुस्तकात शेजारी-शेजारी नांदू लागले.

युरोपीय मांडणी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात ‘किरो’ या नावाचा वाटा सर्वांत मोठा आहे. किरो हे टोपणनाव असून हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. मूळ माणूस 1866 मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला विल्यम जॉन वॉर्नर. आपण तरुणपणी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलो, तेथे भेटलेल्या एका ब्राह्मण गुरूने आपल्याला कोकणात नेले आणि तेथील जोशी घराण्यांकडे असलेल्या एका प्राचीन ग्रंथावरून आपण ही विद्या शिकलो, अशी हकिगत त्याने स्वतः सांगितलेली आहे. ही हकिगत खरी धरली तरी त्याच्या पुस्तकांतील हातांचे वर्गीकरण कोकणातून आलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकातील दार्पांतिनी या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या मांडणीवर उभे आहे. आपल्या मातीचे म्हणून जे परत आले, त्यातील मोठा भाग असा परमुलखातून फिरून आलेला होता.

या वर्गीकरणाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. त्यात हातांचे सात प्रकार सांगितले जातात: प्राथमिक, चौकोनी, चमच्यासारखा पसरट, तात्त्विक, निमुळता, मानसिक आणि मिश्र. पैकी प्राथमिक हात म्हणजे जाड, रुंद, आखूड बोटांचा, कडक कातडीचा आणि मोजक्याच रेषा असलेला हात. दार्पांतिनीच्या मते नांगरट, गोठ्याची निगा आणि एकसुरी कष्टाची कामे अशाच हातांच्या वाट्याला आलेली असतात; किरो तर असा हात सर्वांत खालच्या दर्जाच्या बुद्धीच्या माणसाचा असतो असे सांगतो. उलट लांबसडक, नाजूक, निमुळत्या बोटांचा हात कल्पक, सुसंस्कृत आणि भावनाशील माणसाचा ठरवला जातो. ज्या समाजात जमीनदार हातांनी काम करत नव्हता आणि कुळाला हातांनी कामच करावे लागत होते, त्या समाजाने आपली उतरंड तळहातावर कोरून ठेवली आणि तिला निसर्गाचा नियम म्हटले, याखेरीज या वर्गीकरणाचा दुसरा अर्थ लावता येत नाही.

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले गाव आहे, त्यामुळे या गावात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. उसाच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी मिळून जो ‘एक कोयता’ मोजला जातो, त्या जोडीचे हात पहाटेपासून ऊस तोडतात, पाला साळतात, मोळ्या बांधतात आणि गाडी भरतात. आणि नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे याच कामासाठी दरवर्षी गुजरातेतही जातात. कोयत्याच्या मुठीने तळव्याला घट्टे पडतात, पाचटाच्या धारेने बोटांना चिरा पडतात, कातडी जाड होते आणि बारीक रेषा बुजून जातात. वर्गीकरणाच्या पुस्तकात हा हात ‘प्राथमिक’ ठरेल. त्याच माणसाला पाच वर्षे लिखापढीचे काम दिले, तर घट्टे जाऊन त्याच तळव्याची कातडी मऊ होईल आणि पुस्तकाप्रमाणे त्याच्या बुद्धीचा दर्जाही वाढलेला असेल. कष्टाच्या खुणेला स्वभावाची खूण म्हणणे ही साधी चूक नाही. तो कष्ट करणाऱ्यावर केलेला अन्याय आहे.

मग तळहातावरील रेषा आहेत तरी कशाच्या? शरीरशास्त्राचे उत्तर असे आहे की तळहातावर दोन वेगळ्या प्रकारच्या रेषा असतात. ठळक रेषा म्हणजे त्वचेच्या घड्या. मूठ वळताना कातडीचा चोळामोळा होऊ नये म्हणून ठरावीक जागी ती आतील आवरणाला घट्ट जोडलेली असते आणि तेथे घडी पडते. या घड्या गर्भावस्थेच्या साधारण सातव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान तयार होतात. अंगठा तळव्यावर वळतो त्या ठिकाणची घडी म्हणजे आयुष्यरेषा, आणि बोटे मिटताना पडणाऱ्या दोन आडव्या घड्या म्हणजे मस्तकरेषा व हृदयरेषा. दुसऱ्या प्रकारच्या रेषा अतिशय बारीक, नांगरलेल्या शेतातील सऱ्या-वरंब्यांसारख्या उंच-सखल असतात. त्यांच्या शंख, चक्र आणि कमान अशा आकृती बोटांच्या टोकांवर उमटतात आणि त्याही जन्माआधीच कायम होतात. वैद्यकाला ठळक घड्यांचा उपयोग आहे. दोन आडव्या घड्यांऐवजी एकच घडी असणे हे डाउन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत बरेचदा आढळते, म्हणून डॉक्टर नवजात बालकाचा तळवा पाहतात. परंतु तीच एक घडी पूर्णपणे निरोगी माणसांतही आढळते, आणि म्हणूनच डॉक्टर केवळ तिच्यावरून निदान करत नाहीत, पुढे गुणसूत्रांची तपासणी करतात.

बारीक रेषांचा इतिहास तर आपल्या देशाशीच जोडलेला आहे. 1858 च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या कराराच्या कागदावर त्याच्या उजव्या हाताचा पूर्ण ठसा घेतला, तो त्याने पुढे सही नाकारू नये एवढ्याच हेतूने. त्या वाटेने पुढे 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले, आणि वर्गीकरणाची जी पद्धत तेथे रूढ झाली तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे परिश्रम होते. याच काळात फ्रान्सिस गाल्टन याने 1892 च्या आपल्या ग्रंथात ठशांचा शास्त्रीय पाया घातला. गाल्टन हा गुण आनुवंशिक असतात या मताचा कडवा पुरस्कर्ता होता आणि ठशांवरून माणसाचा वंश, स्वभाव व बुद्धी कळेल अशी त्याची मोठी अपेक्षा होती. त्यासाठी त्याने निरनिराळ्या समूहांचे ठसे जमवून ताडून पाहिले आणि अखेर ही अपेक्षा फोल ठरल्याचे स्वतःच लिहिले. ज्याला हा संबंध सिद्ध व्हायला हवा होता त्याच माणसाने तो नसल्याचे नोंदवावे, याहून वजनदार साक्ष या विषयात दुसरी नाही.

ठसा माणूस कोण हे सांगतो; तो कसा हे सांगत नाही. ठशाच्या या खऱ्या उपयोगावर उभ्या असलेल्या देशव्यापी योजनेची सुरुवात शहादा तालुक्यातूनच झाली: 29 सप्टेंबर 2010 रोजी टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि दहा बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची छबी ही त्या ओळखीची साधने ठरली. येथेही कष्टाचा हात आडवा आलाच. रेशन दुकानातील यंत्रावर झिजलेल्या बोटांच्या बाईचा ‘अंगठा लागत नाही’, ही तक्रार मजुरांच्या वस्त्यांत नित्याची झालेली आहे. तिच्या हातावर तिचे आयुष्य खरोखरच लिहिलेले असते, पण ते वाचण्याची सोय यंत्रातही नाही आणि सामुद्रिकाच्या पुस्तकातही नाही.

असे असूनही हात पाहणाऱ्याचे बोलणे माणसाला पटते, आणि या पटण्याचा विचार केल्याशिवाय विवेचन पुरे होत नाही. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले, आणि नंतर कळले की सर्वांना दिलेला मजकूर एकच होता. ‘तुम्ही वरून कठोर पण आतून हळवे आहात’, ‘तुमच्या कष्टांचे चीज झाले नाही’ ही वाक्ये कोणाला लागू पडत नाहीत? रे हायमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट अधिक बोधक आहे. तो किशोरवयात स्वतः हात पाहत असे आणि त्याचा या विद्येवर पूर्ण विश्वास होता. एका अनुभवी मित्राच्या सांगण्यावरून त्याने रेषांचा जो अर्थ निघतो त्याच्या नेमके उलट सांगायला सुरुवात केली, आणि समोरची माणसे पूर्वीइतकीच थक्क झाली. बोलणाऱ्याची लबाडी येथे गृहीत धरण्याचे कारण नाही, कारण तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नकळत शिकत असतो आणि ऐकणारा आपल्या आठवणी त्या शब्दांत भरत असतो. दुखावलेल्या माणसाचा हात कोणी पाच मिनिटे हातात धरून त्याच्याविषयी बोलतो, यातही मोठा दिलासा असतो आणि तो दिलासा खोटा म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात अशा दाव्यांची पद्धतशीर परीक्षाही झालेली आहे. ती हातांची नसून पत्रिकांची होती, पण तिची रीत येथे तंतोतंत लागू पडते. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह 2008 मध्ये ती घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा करून त्यांतील चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या गेल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील हे ओळखण्यास सांगितले गेले. उत्तरे देणाऱ्या 27 जणांची सरासरी 46 टक्के आली, म्हणजे नाणे उडवून जितके जमेल त्याहून जास्त नाही.

हा प्रश्न आज जुन्या पोथ्यांचा राहिलेला नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी कोणत्या प्रकारची आहे आणि त्याने कोणती शाखा घ्यावी हे संगणकावर काढून देणाऱ्या चाचण्या शहरांतून तालुक्यांपर्यंत विकल्या जातात, त्यांचा रंगीत अहवाल मिळतो आणि त्यासाठी पालक हजारो रुपये मोजतात. त्यांत हॉवर्ड गार्डनर यांच्या 1983 च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचे नाव घेतले जाते. पण त्या सिद्धांतात ठशांचा काडीचाही संबंध नाही आणि गार्डनर यांनी स्वतः अशा चाचण्यांशी आपले नाते नाकारलेले आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी बारावीपर्यंत पोहोचले आहे, त्या घराला हा अहवाल शास्त्राचा निकाल वाटतो, आणि गणितात रमणारी मुलगी केवळ बोटावरील एका चक्रामुळे गणित सोडते. म्हणून ज्या पालकांसमोर अशी चाचणी येईल त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी एवढेच करावे: आपल्या मुलाचे ठसे देण्याऐवजी दुसऱ्या कोणाचे तरी द्यावेत, अहवाल घरी आणून मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकांना वाचून दाखवावा, आणि तो किती जुळला हे त्यांनाच विचारावे.