तान्ह्या बाळाची रात्र आणि घराचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या कुटुंब-मेळाव्यातील भाषण)



कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाने तान्ह्या बाळाच्या ओकारीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्य नाही. माझे शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. परंतु माझी नात पहिले पाच महिने दूध पिताच ओकत असे, पाठ ताठ करून रडत असे आणि रात्री तासभरही सलग झोपत नसे. त्या काळात बालरोगतज्ज्ञांकडून जे ऐकले, स्वतः जे वाचले आणि घरात जे अनुभवले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कारण समजून घेऊ. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. पिशवीच्या तोंडाला नाडी असावी, तसे त्याचे काम. तान्ह्या बाळात ही नाडी अद्याप सैल असते, आहार सर्वस्वी पातळ असतो आणि बाळ बहुतेक वेळ आडवेच असते. त्यामुळे दूध जठरातील आम्लासह वर येते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार किमान ४० टक्के अर्भकांना हा त्रास होतो. तो बहुधा आठ आठवड्यांच्या आत सुरू होतो आणि त्यांतील ९० टक्के बाळांमध्ये वर्ष पूर्ण होण्याआधीच थांबतो. म्हणजे ही बहुधा व्याधी नसून वाढीतील एक अवस्था आहे. बाळाचे वजन वाढत असेल, लघवी नियमित होत असेल, ते आवडीने दूध पीत असेल, तर घरातील ओली दुपटी वाढतात, एवढाच अर्थ घ्यावा.

उपाय साधे आहेत. बाटलीचे दूध असल्यास एका वेळी थोडे आणि अधिक वेळा द्यावे. मध्ये व शेवटी ढेकर काढावी. त्यानंतर वीस ते तीस मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धरावे. माळिश व अंघोळ दूध पाजण्यापूर्वी उरकावी, लगेच नंतर नव्हे. लंगोट व झबल्याची नाडी पोटावर आवळू नये; मऊ मलमलीचे सैल वस्त्र उत्तम, हे मी व्यापारी म्हणूनही सांगू शकतो.

झोपेविषयी मात्र सावधगिरी हवी. दूध वर येते म्हणून बाळाला पालथे किंवा उशीवर उंच निजवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. बाळ उताणे, सपाट व घट्ट गादीवर, उशी आणि सैल पांघरुणाशिवाय निजवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि त्यानंतरच्या काळात तेथील अर्भकांच्या अकस्मात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. उतरत्या शय्यांत बाळे दगावल्यामुळे २०२२ मध्ये तेथे कायद्याने त्यांची विक्रीच बंद झाली. उताण्या बाळाला ओकारीने गुदमरण्याची भीती अकारण आहे. त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. शिवाय दिवस-रात्रीचा भेद बाळाच्या शरीराला दोन-तीन महिन्यांनंतरच कळू लागतो. त्यापूर्वीच्या जागरणाचा दोष केवळ आम्लाला देऊ नये.

आता घरगुती औषधांविषयी. बाळ झोपावे म्हणून जायफळ उगाळून देणे, मध चाटवणे, गुटी वा ग्राइप वॉटर पाजणे अजून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील नको असे सांगते. मध तर वर्षभर वर्ज्य आहे, कारण त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या माता तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. ज्या कापडावर आमचे व्यवसाय उभे राहिले, त्याच्या धाग्यात त्या बाळांची गुंगीही विणलेली आहे. त्या मातांपुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढे आहे. आम्ल कमी करणारी औषधेही स्वतःच्या मनाने आणू नयेत. एके काळी सर्रास दिले जाणारे रॅनिटिडीन २०२० मध्ये अमेरिकेत बाजारातून काढून घ्यावे लागले, हे ध्यानात असावे.

परंतु काही लक्षणे दिसताच विलंब न करता डॉक्टरांकडे जावे : हिरवी वा रक्तमिश्रित उलटी, पहिल्या दोन महिन्यांत जोराने दूर फेकली जाणारी उलटी, वजन न वाढणे, लघवी कमी होणे, दूध नाकारणे, ताप, शौचातून रक्त, किंवा श्वास थांबल्यासारखे वाटणे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाळ रडले की घरात पहिले वाक्य निघते, "आईचे दूध बाधले असेल." मग तिचे एकेक पदार्थ बंद होतात. आपल्या अनेक घरांत कंदमुळे, कांदा-लसूण मुळातच नसतात; त्यात डाळी, दही, फळेही काढली तर त्या माउलीने दूध कशाच्या बळावर पाजावे? डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तिच्या ताटातून काहीही कमी करू नये. आमच्या घरी सूनबाईंनी बाळाला पाजावे, मग चिरंजीवांनी किंवा मी बाळाला खांद्यावर घेऊन बसावे, आणि सौभाग्यवतींनी सकाळी दोन तास सूनबाईंना निजू द्यावे, अशी पाळी ठरवली होती. बाळ त्याने लगेच शांत झाले नाही. पण आई सावरली. प्रसूतीनंतर सतत रडू येणे, बाळाविषयी ओढ न वाटणे, जगणे नकोसे होणे ही लक्षणे नखरे नव्हेत. ते आजारपण आहे व त्यावर उपचार आहेत. शासनाची 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

पेढीवर आपण उधारीला वर्षाची मुदत देतो. तान्ह्या जिवाला आणि त्याच्या आईला तेवढी मुदत देणे वडीलधाऱ्यांना जड वाटू नये. घरातील पुरुषांनी एक रात्र तरी बाळ खांद्यावर घेऊन पाहावे, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेंद्र!