कपाटाची किल्ली

विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले खगोलप्रेमी मित्रहो, आणि मागच्या रांगेत बसून ‘हे भाषण कधी संपतं आणि गच्चीवर कधी जातो’ अशी चुळबुळ करणाऱ्या मुलामुलींनो,

खगोलप्रेमींचं हे संमेलन यवतमाळला झालं आणि अध्यक्षपद इथल्याच एका निवृत्त मास्तराला मिळालं. परिचय करून देणाऱ्यांनी माझं कौतुक जरा जास्तच केलं. त्यातलं निम्मं आमच्या इथल्या हौशी निरीक्षकांच्या मंडळातल्या पोरांच्या खात्यावर लिहावं.

अध्यक्षानं चळवळीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो घेतो. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली; हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. १९७७ मध्ये मुंबईला नेहरू तारांगण आलं, १९८५ मध्ये खगोल मंडळ. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला. आमच्या आजीच्या भाषेत शेंडेनक्षत्र. आकाशभर शेंडी पसरेल म्हणून अख्खी गल्ली पहाटे उठवली आणि दिसला पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका. गल्लीनं मला आठवडाभर सुनावलं. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९, दोन्ही सूर्यग्रहणं भर पावसाळ्यात. आम्ही ढग पाहिले. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ला शुक्र सूर्यबिंबावरून गेला. आता पुन्हा जाईल २११७ मध्ये. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, चिनी रॉकेटचे जळते तुकडे विदर्भाच्या डोक्यावरून गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं कडं पडलं. त्या रात्री माझा फोन बारा वाजेपर्यंत वाजत होता.

आढाव्याची आणखी सात पानं आहेत. ती बाजूला ठेवतो, कारण एक गोष्ट बोलायची मी कैक वर्षांपासून वाट पाहतो आहे आणि असा माईक पुन्हा मिळेलच असं नाही.

मला कपाटाबद्दल बोलायचं आहे. शाळेच्या लोखंडी कपाटाबद्दल.

२००९ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय खगोल वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडे वळवली त्याला चारशे वर्षं झाली होती. त्या उत्साहात आपल्या जिल्ह्यातल्या एका शाळेनं दुर्बीण घेतली. शाळेचं नाव सांगत नाही. ती तुमच्याही तालुक्यात आहे. उद्घाटनाला मला बोलावलं. मार्चचा महिना, पूर्वेला शनी वर आलेला. नारळ फुटला, नळीला हार घातला, कुंकवाचं बोट आरशाकडे निघालं तेवढं मी हात धरून थांबवलं. मग पहिला मान मुख्याध्यापकांचा. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, “हे काय? पुस्तकातल्यासारखी कडी नाहीत.”

नव्हतीच. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्या फेरीत दोनदा त्याची कडी आपल्याला आडवी, कडेवरून दिसतात. त्या वर्षी ती टाचणीएवढी उरली होती. गॅलिलिओचीही १६१२ मध्ये अशीच फसगत झाली होती, हे मी त्यांना सांगितलं. आठ वर्षांनी, २०१७ ला, कडी पूर्ण उघडतील हेही सांगितलं. मुख्याध्यापक समाधानानं म्हणाले, “मग उघडल्यावर बोलावू तुम्हाला.” आणि दुर्बीण कपाटात गेली.

त्यानंतर मी त्या शाळेत किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. एकदा किल्ली विज्ञानाच्या सरांकडे होती आणि सर निवडणुकीच्या ड्युटीवर होते. एकदा सरांची बदली झाली होती आणि चार्ज द्यायचा राहिला होता. एकदा किल्ली सापडली, पण बाबू म्हणाले, “साहेब, काही फुटलं-तुटलं तर वसुली माह्या पगारातून व्हते.” त्यांचं चुकलं असंही मी म्हणत नाही. चांदणं पाहिलं नाही म्हणून कोणाला नोटीस आलेली मी ऐकली नाही. वस्तू हरवली की येते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद होती आणि दरवर्षी समोर शिक्का पडत होता: पडताळणी केली, वस्तू आढळली. सोळा वर्षं लोकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्यातून कोणी पाहिलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ च्या, तिथं नव्यानं आलेल्या एका बाईंचा फोन आला. “सर, कपाट उघडलंय. काय आहे ते कळत नाही, पण नळी मोठी आहे.” मी पहिल्या एसटीनं गेलो. थर्माकोलचा खोका, नळीवर २००९ चा हार, नुसता दोरा उरलेला. आरशावर सतरा पावसाळ्यांची बुरशी. डिस्टिल्ड वॉटर आणि कापूस घेऊन दुपार घालवली, निम्मा मुलामा वाचला. संध्याकाळी मैदानात लावली. शनी वर होता. कडी? टाचणीएवढी!

हिशेब लक्षात घ्या. दुर्बीण कपाटात गेली तेव्हा कडी मिटत आली होती. ती आत असताना कडी उघडत गेली, २०१७ ला पूर्ण उघडली, मग मिटत गेली आणि दुर्बीण बाहेर आली तेव्हा पुन्हा मिटली होती. शनीचा अर्धा फेरा एका कपाटात गेला. तेव्हा पाचवीत असलेलं पोरगं आज सत्ताविशीचं आहे. कदाचित त्याच शाळेत आपल्या लेकराचं नाव घालायला येईल.

आता सकाळच्या सत्रातले वाद. संगणकावर चालणारी, स्वतः तारा शोधणारी दुर्बीण घ्यावी की साधी, हातानं फिरवायची डॉब्सोनियन, यावर दीड तास खल झाला. मी सहा इंची आरसा स्वतः घासला आहे. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, ऑइलच्या रिकाम्या ड्रमभोवती गोल गोल फिरत तीन महिने. शेजारच्या काकू विचारायच्या, “गुरुजी, नवस बोलले का?” त्या आरशाची कड आजही थोडी दबलेली आहे, तज्ज्ञानं पाहिली तर नाक मुरडेल. पण त्याच आरशातून आठवडी बाजारात पोत्यावर बसून लोकांनी चंद्रावरची विवरं पाहिली. कोणी म्हणालं, “गुरुजी, हे तं आपल्या उन्हाळ्यातल्या वावरावानी दिसते.” दुर्बीण कोणतीही घ्या. कपाट मात्र घेऊ नका.

दुसरा वाद अंधश्रद्धेचा. आधी ग्रहणाचे गैरसमज खोडावेत, मगच आकाश दाखवावं, असं काही मित्र म्हणाले. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतच, सूर्यास्ताच्या वेळी खंडग्रास ग्रहण होतं. आमच्या वाड्यातल्या आजींनी वेध पाळले होते. पाण्याचा घोटही नाही. मी वाद घातला नाही. अंगणातल्या कडुलिंबाच्या फटींतून समोरच्या भिंतीवर शेकडो चंद्रकोरी उतरल्या होत्या, त्या फक्त दाखवल्या. आजी भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, कोरी तळहातावर घेतल्या आणि मग स्वतःच सुनांना हाका मारू लागल्या. चहा घेतला की नाही, ते मी विचारलं नाही.

तिसरा वाद दिव्यांचा आणि इथं मला थोडं थांबायचं आहे. घाटंजीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, आम्ही जानेवारीत कार्यक्रम ठेवला होता. चौकात नवा सोलर हायमास्ट. असा लखलखाट की स्वतःच्या सावलीला ठेच लागावी. दिवा बंद करा म्हणालो तर कळलं, त्याला बटनच नाही. अंधार पडला की लागतो, उजाडलं की विझतो. कुलूप आहे आणि किल्ली बनवलेलीच नाही! शेवटी एक पोरगं खांबावर चढलं आणि खताचं पोतं बांधून आलं.

पोतं बांधलं आणि वर आकाश उतरलं. मी सवयीनं सुरू केलं: हे मृग, हे व्याध. एक म्हातारे बाबा शेकोटीपाशी बसले होते. म्हणाले, “गुरुजी, थे तीन हायेत ना रांगेत, थे तिफन हाये.” तीन फणांची, पेरायची. मी म्हटलं, “खरंय बाबा.” मग उत्तरेकडे बोट करून म्हणाले, “अन् थे म्हातारीची बाज. चोर यायचे हायेत आजून.” रात्रीचे साडेनऊ-दहा झाले होते. सप्तर्षींचा चौकोन वर आला होता आणि शेपटीचे तीन तारे अजून झाडांमागे होते. वेळेसकट बरोबर! मी विचारलं, “जूनमध्ये मृग लागतो, तेव्हा ही तिफण का दिसत नाही?” उत्तर मला ठाऊक होतं, त्या दिवसांत सूर्यच तिथं असतो. बाबा म्हणाले, “तवा थे खाली येते ना. आमच्या वावरात.”

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलाम आणि बंजारा समाजांच्या आकाशज्ञानावरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आपण मात्र पोडावर जातो ते शिकवायला. शेतीची वीज रात्री येते म्हणून हजारो माणसं रात्रभर ओलितावर उभी असतात, बांधावर एकटी, डोक्यावर सगळं आकाश. हौशी निरीक्षक म्हणून त्यांची नोंद आपल्या एकाही मंडळाच्या वहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर सगळ्यांना बोलतो. तर माझंही सांगतो.

२१ डिसेंबर २०२०. गुरू आणि शनी अवघ्या सहा कलांच्या अंतरावर. १६२३ नंतर इतके जवळ ते आलेच नव्हते. त्या संध्याकाळी मी कामासाठी नागपूरला. सहा वाजता मंडळातल्या पोराचा फोन, “सर, किल्ली कोठी हाये?” मंडळाच्या खोलीची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर. मी पंचवीस वर्षं ती खिशात घेऊन हिंडत होतो. पोरं बिचारी हरवतील, पाडतील, म्हणून! शाळेच्या त्या बाबूत आणि माझ्यात फरक एवढाच की मला पगारातून वसुलीचं भय नव्हतं. पोरांनी कुठून तरी द्विनेत्री मिळवली आणि एक की दोन, यावर पैजा लावत पाहिलं. एका मुलीनं नुसत्या डोळ्यांनी दोन वेगळे ओळखले. मी ते पाहिलं नाही. बसमध्ये होतो, पश्चिमेच्या खिडकीला पडदा होता.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली सायकल दुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. ज्याला हवी त्यानं न्यावी, वहीत नाव लिहावं. पाच वर्षांत दुर्बीण दोनदा पडली. एकदा पाय मोडला. वेल्डिंगवाल्यानं जोडून दिला, पैसे घेतले नाहीत, गुरू दाखवा म्हणाला. वहीत आता अशी नावं आहेत जी मी ओळखत नाही. मला त्याचा थोडा हेवा वाटतो, हेही कबूल करतो.

समारोपात अध्यक्षानं पुढच्या वर्षाची कामं सांगायची असतात. पहिलं: आपापल्या तालुक्यात किती दुर्बिणी कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे, याची यादी करावी. कशी करायची ते कार्यकारिणी ठरवेल. दुसरं: गावातल्या दिव्याला निदान एक बटन असावं, यासाठी कोणाकडे तरी अर्ज करावा लागेल, कोणाकडे, ते पाहू. तिसरं ओलितावरच्या माणसांबद्दल होतं. ते मी त्या बाजूला ठेवलेल्या पानांत लिहिलं होतं, आता सापडत नाही.

असो. मुलं केव्हाची उठून उभी आहेत. आकाश निरभ्र आहे, दुर्बिणी जिन्यापाशी आणून ठेवल्या आहेत. फक्त स्वागताध्यक्षांनी आता एवढंच सांगावं, की या सभागृहाच्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?